राखेचे भाडे कोण भरते? कोळसा आणि लोहखनिजाच्या आयातीबाबत खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय कोळसा मंत्री, मा. केंद्रीय रेल्वे मंत्री, मा. केंद्रीय पोलाद मंत्री, नवी दिल्ली
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : आयातीचा हिशेब टनांऐवजी उष्मांकात आणि लोहांशात मांडण्याबाबत

महोदय,

२०२४-२५ मध्ये देशाने १०४ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. त्याच वर्षी २४ कोटी टनांच्या वर कोळसा बोटींतून आला. हे आकडे जाहीर झाले की सभागृहात ठरलेला प्रश्न येतो, की जमिनीखाली एवढा साठा असताना आयात कशाला? उत्तरही ठरलेलेच, उत्पादन आणखी वाढवू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. पण इथे आड तुडुंब आहे. पोहरा गळका आहे आणि दोर आखूड आहे. गळका पोहरा म्हणजे कोळशातली राख आणि लोहखनिजातली सिलिका-अॅल्युमिना, म्हणजे वाळू-माती. आखूड दोर म्हणजे खाणीपासून बॉयलरपर्यंतचा रूळ, सायडिंग (माल चढवायचा बाजूचा रूळ), सायलो (वरून वाघिणीत माल सोडणारी उंच कोठी) आणि बंदराचा धक्का.

आम्ही बॉयलर, झोतभट्टी, खाणकाम आणि रेल्वे मालवाहतूक या कामांतली माणसे आहोत. एकच गोष्ट सांगायची आहे. खाणीच्या तोंडाशी मोजलेल्या टनांवर आयातीचे धोरण आखणे सोडा. बॉयलरपाशी किती उष्णता पोचली आणि भट्टीत किती लोखंड पडले, ते मोजा. मग कुठली आयात टाळता येते, कुठली येत नाही आणि कुठली आपणच ओढवून घेतो, हे आपोआप वेगळे दिसेल.

आधी राख. आपला बहुतेक कोळसा गोंडवना काळातला, वाहत्या पाण्याने आणून टाकलेल्या वनस्पतींचा. त्या गाळाबरोबर चिकणमाती आणि वाळूही आली आणि कोळशाच्या कणाकणात मुरली. ऑस्ट्रेलियाच्या कोळशात दगडाचे थर बरेचसे वेगळे असतात, फोडले की सुटतात. आपल्याकडे फोडले तरी कोळशाच्या तुकड्यात दगड आणि दगडाच्या तुकड्यात कोळसा राहतो. म्हणून वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख असणे ही एखाद्या खाणीची लबाडी नव्हे, ती भूगर्भाची देण आहे. लबाडी असते ती त्यावर आणखी माती मिसळण्यात, आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

मालगाडीच्या ५९ वाघिणींच्या एका रेकमध्ये साधारण ४ हजार टन कोळसा मावतो. राख ४० टक्के असेल तर त्यातला १६०० टन दगड आहे. म्हणजे ५९ पैकी जवळजवळ २४ वाघिणी दगड वाहतात. रेल्वे त्याचेही पूर्ण भाडे घेते आणि वीजग्राहक ते भरतो. चंद्रपूरचे वीजकेंद्र खाणीच्या तोंडाशी आहे, तिथे हा दगड फार दूर जात नाही. पण वणी-बल्लारपूरचा कोळसा नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला न्यायचा तर वर्धा-भुसावळमार्गे सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. इतक्या लांब दगड नेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता हेच उष्मांकात, म्हणजे किलोभर कोळशातून मिळणाऱ्या उष्णतेत, पाहा. कोराडीतल्यासारखा ६६० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने २४ तास चालला तर १ कोटी ५८ लाख युनिट वीज होते. युनिटमागे सुमारे २३०० किलोकॅलरी धरल्या तर कोळसा ३५०० किलोकॅलरीचा असताना दिवसाला सुमारे १०,४०० टन लागतो, म्हणजे अडीच रेकपेक्षा जास्त. ४२०० चा असेल तर ८,७०० टन, ५००० चा असेल तर ७,३०० टन. प्रतवारीत ३५०० म्हणजे जी-१३ आणि ४२०० म्हणजे जी-११. कागदावर दोनच पायऱ्यांचा फरक, पण त्यापायी एका संचाला दिवसाला १,७०० टन जास्त ओढावा लागतो. राज्यातल्या सगळ्या संचांचा असा फरक जोडला की वाघिणींचा 'तुटवडा' म्हणून जे दिसते त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात प्रतीचा तुटवडा असतो.

प्रत घसरते कुठे? देशातला बहुतांश कोळसा खुल्या खाणींतून येतो. कोळशाच्या थरांमध्ये एक-दोन फुटांचे दगडी पट्टे असतात. सुरुंग लावला की थर आणि पट्टा एकत्रच उडतो आणि शॉवेल दोन्ही उचलते. सरफेस मायनरने वरून खरवडत थर कापला तर पट्टा वेगळा ठेवता येतो आणि कोळसाही १०० मिलिमीटरच्या आत बारीक होऊन निघतो, वेगळा क्रशर लागत नाही. पण थर फार कलता असेल किंवा दगड कठीण असेल तर हे यंत्र चालत नाही. तिथे निदान थराचे छत आणि तळ डोझरने साफ करून मगच भरणी करावी, एवढा नियम पाळता येतो. टनांचे उद्दिष्ट पुरे करायच्या घाईत, मार्चमध्ये, सर्वांत आधी हीच सफाई सुटते. शॉवेलवाल्याला टनांवर शाबासकी मिळत असेल तर तो दगड का सोडेल?

पुढची गळती सायडिंगवर. जमिनीवर ओतलेला कोळसा पेलोडरने वाघिणीत भरला की खालची माती, मुरूम आणि चिखल बरोबर जातो. काही वाघिणी जास्त भरतात, काही अर्धवट राहतात. जास्त भरलेल्यांवर रेल्वे दंडाचे भाडे लावते, कमी भरलेल्या रिकामे भाडे खातात. सायलोतून भरणी झाली की आधीच तोललेला कोळसा ठरलेल्या मापाने पडतो आणि चार हजार टनांचा रेक तासाभरात निघतो. पेलोडरने त्यालाच कित्येक तास लागतात. सायलोचा खर्च मोठा आहे हे मान्य, पण भरणीचे तास वाचले की रेकचा फेरा लहान होतो, आणि सगळे गणित त्या फेऱ्यावरच आहे. वर्षाला १ कोटी टन कोळसा न्यायचा तर चार दिवसांच्या फेऱ्याला सुमारे २७ रेक पुरतात. फेरा सहा दिवसांचा झाला की ४१ लागतात. नवा रूळ नाही, नवी खाण नाही, केवळ भरणी-उतरणी आणि यार्डातली खोळंबणी यांमुळे १४ रेक जास्त अडकतात.

पावसाळा हा वेगळाच विषय आहे. जून ते सप्टेंबर खुल्या खाणीत पाणी भरते, डंपरचे रस्ते घसरडे होतात, उत्पादन उतरते. जो कोळसा निघतो तो ओला आणि चिकट. टिप्लरवर वाघीण उलटली तरी कोपऱ्यांत कोळसा चिकटून राहतो, शिगेने खरवडावा लागतो. क्रशरच्या जाळ्या बुजतात, बंकरच्या उतरत्या भिंतींवर थर साचून मधोमध पोकळी पडते आणि फीडर रिकामा फिरतो. वाढलेल्या ओलाव्याने उष्मांक पडतो तो वेगळाच. साठे सर्वांत खाली जातात ते सप्टेंबरअखेर, आणि नेमके ऑक्टोबरच्या उकाड्यात विजेची मागणी वर जाते. २०२१ च्या ऑक्टोबरात हेच झाले. एप्रिल-मे २०२२ मध्ये पुन्हा झाले आणि कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. खाणीपाशी कोळसा पडून होता तेव्हाही केंद्रांवर तो नव्हता.

त्या वेळी केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळण्याचे फर्मान निघाले. मिसळणे म्हणजे पातेल्यात साखर ढवळणे नव्हे. इंडोनेशियाचा कोळसा राखेला हलका, पण त्यात ओलावा आणि ज्वालाग्राही वायू जास्त. देशी कोळशावर, कोळसा दळणाऱ्या मिलच्या तोंडाशी ८० अंशांच्या आसपास चालणारे तापमान त्याच्यासाठी साठ-पासष्टपर्यंत उतरवावे लागते, नाहीतर मिलमध्येच पेट घेतो. पण मिश्रण एकाच मिलमध्ये गेले तर कुणाचे तापमान राखायचे? देशी कोळसा वाळत नाही किंवा परदेशी जळतो. म्हणून जिथे सोय आहे तिथे आयात कोळसा वेगळ्या बंकरात भरून ठराविक एक-दोन मिलवरच चालवावा, हा सुरक्षित मार्ग. साठ्याच्या आवारात तो डोझरने दाबून घट्ट करावा लागतो, सैल ढीग काही आठवड्यांत आतून धुमसू लागतो. दोन्ही राखांचे मिश्रण कधीकधी कमी तापमानाला वितळते आणि भट्टीच्या नळ्यांवर काचेसारखे थर जमतात. ज्या बॉयलरची रचना ४० टक्के राखेसाठी झाली, त्याला हे सगळे नवे आहे.

आणि आयातीने रूळ मोकळा होतो, हाही गैरसमजच. बंदरापासून विदर्भातल्या केंद्रापर्यंत तो कोळसा रेकनेच येतो. उष्मांक जास्त असल्याने रेक थोडे कमी लागतात, एवढाच फायदा. खाणीजवळच्या केंद्राला शेकडो किलोमीटर आतवर आयात कोळसा पाठवणे म्हणजे घरची विहीर बुजवून टँकर बोलावणे. त्यापेक्षा बंदराजवळच्या केंद्राने आयात कोळसा जास्त जाळावा आणि त्याच्या वाट्याचा देशी कोळसा आतल्या केंद्राकडे वळवावा. वीज तारेतून जाते, कोळसा रुळावरून. जे हलके ते हलवावे.

कोकणपट्टीचे गणित मात्र निराळे आहे आणि तिथल्या आयातीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. जयगडचे १२०० मेगावॉटचे केंद्र आणि ट्रॉम्बेचे कोळशावरचे संच समुद्राच्या काठी, बोटीच्या कोळशावर उभे आहेत. सह्याद्री आडवा आहे. बोरघाट आणि थळघाट इथे चढ ३७ ला १ असा. भरलेली मालगाडी तिथून ब्रेक सांभाळत उतरते आणि खाली आली की लोकलच्या गर्दीत तिला वाट मिळत नाही. ओडिशातल्या तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीपला, तिथून बोटीने पश्चिम किनाऱ्यावर आणता येतो. पण पाल्कच्या उथळ सामुद्रधुनीतून मोठी बोट जात नाही, श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. शिवाय प्रत्येक चढ-उतारात चुरा वाढतो आणि तूट येते. एवढे करून तो कोळसा ट्रॉम्बेला पोचला, तर ४० टक्के राख टाकायला मुंबईत जागा कुठे आहे? अशा केंद्रांची आयात वेगळ्या रकान्यात लिहा आणि 'टाळता येण्याजोगी' म्हणून तिची बेरीज करू नका. तो आकडा फुगवल्याने खाणवाल्यांवर उगाच टनांचा दाब येतो आणि वर सांगितलेली सफाई आणखी सुटते.

धुलाई केंद्रांबद्दल, म्हणजे वॉशऱ्यांबद्दल, थोडे. १०० टन कोळसा ४० टक्के राखेचा आहे आणि तो ३२ टक्क्यांवर आणायचा आहे, निघणाऱ्या टाकाऊ मालात ६५ टक्के राख आहे असे धरा. हिशेबाने ७६ टन धुतलेला कोळसा आणि २४ टन टाकाऊ निघतो. त्या टाकाऊत अजूनही जळण्यासारखे बरेच असते. म्हणून वॉशरी उभारायची ती खाणीच्या तोंडाशी, आणि शेजारी टाकाऊ माल जाळणारा फ्लुइडाइज्ड बेडचा बॉयलर असला पाहिजे. तो नसेल तर टाकाऊचे ढीग पेटतात किंवा रात्रीतून ट्रकने 'कोळसा' म्हणून परत बाजारात येतात. ५०० किलोमीटरपलीकडे जाणाऱ्या कोळशात राख ३४ टक्क्यांपेक्षा जास्त नको, हे बंधन मे २०२० मध्ये उठवले गेले. युक्तिवाद असा होता की धुवा किंवा न धुवा, राख तेवढीच. ती फक्त खाणीजवळ पडते की केंद्राजवळ एवढाच फरक. वजनाच्या बाबतीत हे खरे आहे. पण खाणीजवळ पडलेली राख रेकमध्ये बसत नाही. चंद्रपूरसारख्या केंद्राला धुतलेल्या कोळशाची सक्ती करणे वेडेपणा ठरेल. सहाशे किलोमीटरवरच्या केंद्राला ती न करणे हाही वेडेपणाच. अंतरानुसार मर्यादा ठेवा, सरसकट नको.

आता पोलादाचा कोळसा. वर्षाला साडेपाच कोटी टनांच्या आसपास कोकिंग कोळसा, म्हणजे भाजून झोतभट्टीसाठी कोक करता येतो तो कोळसा, बाहेरून येतो, त्यातला मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडचा. देशात कच्चा कोकिंग कोळसा निघतच नाही असे नाही; वर्षाला ६ कोटी टनांहून अधिक निघतो. पण त्यातला बराचसा वीजकेंद्रांत जाळला जातो, कारण तो धुवून कोक करण्याजोगा करायची पुरेशी यंत्रणा नाही. उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा झरियात आहे. तिथे १९१६ पासून भूमिगत आग आहे आणि थरांच्या डोक्यावर वस्त्या आहेत. वरचे चांगले थर आधीच्या पिढ्यांनी काढून नेले. आता हाती येतो तो वॉशरी-४ प्रतीचा, २८ ते ३५ टक्के राखेचा, आणि त्याहूनही खालचा. जुन्या वॉशऱ्या सोप्या कोळशासाठी बांधलेल्या. आताच्या कोळशातला दगड सुटायचा तर तो १३ मिलिमीटरच्या आत फोडावा लागतो आणि अर्ध्या मिलिमीटरखालचा चुरा फेस आणून तरंगवावा लागतो. केंद्राच्या मिशन कोकिंग कोल या योजनेत २०३० पर्यंत १४ कोटी टनांचे उद्दिष्ट आहे. ते कच्च्या कोळशाचे आहे. धुतलेल्या कोळशाचे किती, त्याची राख किती, हे उद्दिष्टाच्या पहिल्याच ओळीत असायला हवे होते.

राखेचा झोतभट्टीतला परिणाम सरळ आहे. कोळशाचा कोक करताना वजन पाऊण होते, राख मात्र जिथल्या तिथे राहते. १० टक्के राखेच्या कोळशातून १३ टक्के राखेचा कोक, १८ टक्क्यांच्या कोळशातून २४ टक्क्यांचा. भट्टीत कोक तीन कामे करतो. जळतो, ऑक्सिजन ओढून घेतो आणि वरचा सगळा भार तोलून धरतो. राख वाढली की तिन्ही बिघडतात. राख वितळवायला चुनखडी लागते, तीही वितळवायला पुन्हा कोक लागतो. म्हणून देशी कोकिंग कोळसा मिश्रणात दहा-पंधरा टक्क्यांवर सहसा जात नाही. कोळसा भट्टीत भरण्याआधी ठोकून घट्ट वडी करण्याची पद्धत वापरली तर कमी चिकट कोळसाही थोडा जास्त खपतो, पण राख ठोकून कमी होत नाही. २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्क्यांहून कमी राखेच्या कोकच्या आयातीवर देशनिहाय कोटा बसवला. देशातल्या कोकभट्ट्यांना त्याने काम मिळाले, ते ठीक. पण त्या भट्ट्यांत पडणारा कोळसाही बोटीतूनच येतो. एका दाराला कडी लावली की पाहुणा दुसऱ्या दाराने येतो, आयात कमी झाल्याचा आनंद फार करू नये.

कोक वाचवायचा मोठा मार्ग कोळशाच्या खाणीत नाही, लोहखनिजाच्या धुलाईत आहे. या पत्रातला हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दोन मंत्रालयांच्या मधल्या भिंतीमुळे तो कुणाच्याच टेबलावर येत नाही.

एक टन कच्च्या लोखंडाला साधारण १.६ टन खनिज लागते. आपल्या खनिजात लोह चांगले, छत्तीसगडच्या बैलाडिल्यात तर ६५ टक्क्यांच्या वर. पण बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आणि जांभ्याच्या रूपाने अॅल्युमिना फार. अॅल्युमिना वाढली की मळी, म्हणजे लोखंडावर तरंगणारा वितळलेला दगड, गुळाच्या पाकासारखी घट्ट होते, भट्टीच्या तोंडातून नीट वाहत नाही. ती पातळ राहावी म्हणून मळीतली अॅल्युमिना एका मर्यादेत ठेवावी लागते. ही मर्यादा १८ टक्के धरा. मग प्रत्येक १ किलो अॅल्युमिनासाठी साडेपाच किलो मळी तयार करावी लागते. खनिजात अॅल्युमिना अर्धा टक्का जास्त असली तर १.६ टनांत ती ८ किलो झाली, आणि मळी ४४ किलोंनी वाढली. मळीत सिलिका कमी पडते म्हणून आपल्याकडे काही भट्ट्यांत चक्क गारगोटीचा दगड विकत घेऊन टाकतात. म्हणजे खनिजातली माती पातळ करायला बाहेरून दगड, तो वितळवायला चुना, आणि सगळ्याला उष्णता द्यायला क्वीन्सलँडचा कोळसा. खनिज खाणीवरच धुतले, चिकट गाळ हायड्रोसायक्लोनने काढला, तर हा सगळा फेरा सुरूच होत नाही.

मग धुवत का नाहीत? कारण स्वामित्वधन आणि लिलावातला अधिमूल्याचा हिस्सा खनिजाच्या सरासरी विक्रीदरावर आकारतात, आणि दर लोहाच्या टक्केवारीच्या टप्प्यांवर ठरतो. धुतल्याने टक्केवारी चढते, दर चढतो, सरकारचा हिस्साही चढतो. धुण्याचा खर्च आणि गाळात गेलेले लोह मात्र खाणवाल्याच्या माथी. अॅल्युमिनाचा तर दरात थेट विचारच नाही. शिवाय धुतल्यावर उरणारा गाळ. तो धरणासारख्या बांधात साठवणे धोक्याचे, हे जगाने ब्राझीलमध्ये २०१९ च्या जानेवारीत असा बांध फुटला तेव्हा पाहिले. फिल्टर प्रेसने पाणी काढून कोरडा ढीग रचता येतो, पाणीही परत वापरता येते. महाग आहे, पण त्याला सवलत देण्यासारखी दुसरी चांगली जागा आम्हाला दिसत नाही.

हलके (कमी लोहाचे) खनिज बाहेर आणि भारी खनिज आत, हा प्रकार गोव्याने दाखवला. तिथले ५८ टक्क्यांखालचे खनिज मांडवी-झुआरीच्या बार्जेसमधून मुरगावला जाई आणि चीनला रवाना होई. चीनचे कारखाने त्यात ऑस्ट्रेलिया-ब्राझीलचे शुद्ध खनिज मिसळून सिंटर, म्हणजे भट्टीसाठी भाजून ढेकळे, करीत. खाणीपासून बंदरापर्यंत नदीच होती म्हणून ते हलके खनिजही परवडले. तेच खनिज रेल्वेने भिलाईला पाठवून पाहा. उलट, २०१४-१५ मध्ये कर्नाटक, गोवा आणि ओडिशातल्या खाणींवर निर्बंध होते, जगात दर कोसळले होते, तेव्हा देशाने १ कोटी टनांहून अधिक लोहखनिज आयात केले. किनाऱ्यावरच्या कारखान्याला मोठ्या बोटीने आलेले परदेशी खनिज स्वदेशी खनिजाच्या रेल्वेभाड्यापेक्षा स्वस्त पडू शकते. रायगडमधल्या डोळवीचा कारखाना अंबा नदीच्या धरमतर धक्क्यावर उथळ पाण्यात लहान बोटींनी माल घेतो, मोठ्या बोटी खोल पाण्यात थांबतात. अशा कारखान्यासाठी जवळ-दूर हे नकाशावरच्या किलोमीटरने ठरत नाही, धक्क्याच्या खोलीने ठरते.

निर्यातशुल्काची ५८ टक्क्यांची रेषाही तपासावी. मे २०२२ मध्ये सगळ्याच प्रतींवर ५० टक्के शुल्क लावले, नोव्हेंबरात मागे घेतले. पुन्हा ५८ च्या खाली शून्य आणि वर ३० टक्के. एका दशांशावर एवढी उडी ठेवली की चांगले खनिज हलक्यात मिसळून रेषेखाली आणण्याचा मोह होणारच. हळूहळू चढणारे शुल्क ठेवले तर मिसळण्यात नफा उरत नाही. आणि हलक्या खनिजाची निर्यात सरसकट रोखल्याने ते आपोआप धुतले जात नाही, ते फक्त डंपवर पडून राहते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गडचिरोलीतले सुरजागडचे खनिज आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा एकमेकांच्या शेजारी आहेत. हे पाहून पुष्कळांना वाटते की इथे आयातीची गरजच पडू नये. पण वर्धा खोऱ्यातला कोळसा कोक होणारा नाही. त्यावर स्पंज आयर्न (न वितळवता केलेले सच्छिद्र लोखंड) होऊ शकते, आणि भारत त्यात जगात पहिला आहे. मात्र ते करणाऱ्या फिरत्या भट्टीला स्थिर कार्बन जास्त, राख कमी आणि राखेचा वितळबिंदू उंच असा कोळसा लागतो. राख जास्त किंवा लवकर मऊ होणारी असली की भट्टीच्या आतल्या भिंतीला कडे जमते, वाट अरुंद होते, आणि ठरल्या मुदतीआधी भट्टी थंड करून आत माणसे उतरवून ते फोडावे लागते. या भीतीपायी दक्षिण आफ्रिकेचा कोळसा समुद्रापासून इतक्या दूर, विदर्भात येतो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) ज्या खाणींत तुलनेने स्वच्छ थर आहेत, त्यांतला कोळसा धुवून, ठराविक आकाराचा चाळून, स्पंजवाल्यांना वेगळा विकावा. आज तो वीजकेंद्राच्या ढिगात मिसळून जातो. त्या ढिगातल्या चांगल्या कोळशाची किंमत बॉयलरला कळत नाही, आणि भट्टीवाला तोच कोळसा डॉलर मोजून आणतो.

सुरजागडच्या वाहतुकीचेही असेच. वडसा-गडचिरोली ही ५२ किलोमीटरची रेल्वे खाणीच्या आधी व्हायला हवी होती; ती मागे राहिली आणि आष्टी-आलापल्ली-एटापल्लीच्या रस्त्यांनी हजारो ट्रकांचा भार झेलला. खनिज बारीक दळून पाण्याबरोबर नळीतून नेण्याचा मार्ग देशात जुना आहे. किरंदूल ते विशाखापट्टणम अशी २६७ किलोमीटरची नळी चालते. पण नळीतून फक्त दळलेले खनिज जाते, म्हणजे शेवटाला पेलेटचा (त्या भुकटीच्या भाजलेल्या गोळ्यांचा) कारखाना हवाच, आणि पाणी हवे. नळी, ट्रक की रेल्वे, हे खाणपट्टा देतानाच ठरवा. पट्टा दिल्यावर पाच-सात वर्षांनी नव्हे. बैलाडिल्यासाठी १९६० च्या दशकात जपानला खनिज पाठवायचे म्हणून डोंगर फोडून कोट्टवलसा-किरंदूल मार्ग झाला. परदेशी गिऱ्हाइकासाठी रूळ आधी टाकता येतो, तर आपल्या भट्टीसाठी का नाही?

आमच्या मागण्या वर जागोजागी आल्याच आहेत. तातडीची आणि खर्च नसलेली एकच इथे वेगळी काढतो. दर महिन्याला प्रत्येक केंद्रासाठी आणि प्रत्येक पोलाद कारखान्यासाठी एक तक्ता प्रसिद्ध करा. रकाने असे असावेत : खाणीवरची जाहीर प्रत, भरणीच्या टोकाला आणि उतरणीच्या टोकाला यंत्राने घेतलेल्या नमुन्याचा उष्मांक, राख आणि ओलावा, रेकचा फेरा किती तासांचा, भरणी सायलोने की पेलोडरने, आयात असेल तर ती केंद्राच्या रचनेमुळे, मिसळण्यासाठी, स्पंजसाठी की कोकसाठी. खनिजासाठी लोह, सिलिका, अॅल्युमिना आणि टनामागची मळी. नमुना हाताने वाघिणीच्या वरून उचललेला नसावा, ऑगरच्या गिरमिटाने तळापर्यंत घेतलेला असावा. कारण वरच्या थरात काय ठेवायचे हे भरणाऱ्याला पक्के ठाऊक असते. यातला बराच मजकूर तुमच्या खात्यांकडे, रेल्वेच्या मालवाहतूक नोंदींत आणि त्रयस्थ तपासणीच्या अहवालांत आजही आहे, फक्त एका कागदावर नाही.

पहिला तक्ता मे महिन्याच्या आत निघावा, म्हणजे पावसाळ्याआधी कुठल्या सायडिंगवर आधी सायलो हवा आणि कुठल्या केंद्राकडे धुतलेला कोळसा आधी वळवायचा हे ठरवता येईल. ऑक्टोबरात ठरवायला घेतले तर हाताशी फक्त बोट उरते.

आपले,
विदर्भ आणि कोकणातील बॉयलर, धातुकर्म, खाणकाम आणि मालवाहतूक क्षेत्रांतील काही अभियंते व तंत्रज्ञ